वॉरंटबाब

या, ओळख करून देतो. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या पोलीस ठाण्यात समन्स-वॉरंटांचं काम ज्या हवालदाराकडे असतं, त्याच्या टेबलावरच्या जाड फायलीत आडवे पडलेत ना, ते वॉरंटबाब. उठणार नाहीत, नमस्कारही घेणार नाहीत. गोव्यात आपण कुठल्याही बऱ्या घरच्या माणसाला 'बाब' म्हणतो. हे तर न्यायाधीशाच्या सहीने हिंडणारे, तेव्हा एवढा मान द्यायलाच हवा. तुमची त्यांच्याशी ओळख नसेल तर उत्तम. पण त्यांची तुमच्याशी आहे की नाही, हे तुम्हाला आपणहून कुणी सांगणार नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

अंगावर म्हणाल तर एक कागद, फार तर दोन. पण सही-शिक्क्याशिवाय ते उंबरठा ओलांडत नाहीत. लेखी हुकूम, खाली न्यायाधीशाची सही आणि न्यायालयाची मुद्रा, हा पोशाख कायद्यानेच ठरवून दिलेला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ७० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तेव्हापासून कलम ७२ मध्ये आहे. कलम बदललं, शिवण तीच. एक बारीकसा अपमान तेवढा झाला. जुन्या संहितेला जोडलेल्या नमुन्यांत बाबांचा नंबर दुसरा होता. नव्या संहितेत पोलिसांची हजर राहण्याची नोटीस पहिल्या जागेवर येऊन बसली आणि बाब तिसऱ्यावर ढकलले गेले. ऐट मात्र उतरलेली नाही. अमक्याला अटक करून माझ्यासमोर हजर करा, असं पोलिसाला सांगून झाल्यावर शेवटी 'यात कसूर होऊ नये' अशी पुस्ती असतेच, पेशव्यांच्या दफ्तरात शोभावी अशी.

आणि हे सगळं बोलणं इंग्रजीत. पेडण्यात लग्नाची पत्रिका मराठीत छापतात, रात्रीचा दशावतार मराठीत रंगतो, देवळाच्या कमिटीचं भांडण कोकणीत होतं; वॉरंटबाब मात्र इंग्रजीच बोलणार. ज्याला पकडायचं त्याला त्यातली ओळ वाचता आली नाही तरी त्यांचं अडत नाही. कायदा एवढंच म्हणतो की पकडणाऱ्याने वॉरंटाचं सार त्याला सांगावं आणि त्याने मागितला तर कागद दाखवावा. मागणारे फार थोडे. अंगणात जीप उभी असताना कागद वाचायला मागायचं सुचणारा माणूस बहुधा स्वतःच वकील असतो.

घराण्यात सगळ्यांत मवाळ समन्स. ते दारात येतं, सही घेतं, तारीख सांगतं आणि जातं. जुन्या कायद्यात माणूस घरी नसेल तर घरातल्या प्रौढ पुरुषाच्याच हातात ते देता यायचं. त्यामुळे दारात आलेल्या म्हाताऱ्या आईला "घरांत दादलो कोण ना" एवढं म्हणून समन्स परतवता येई. नव्या संहितेत घरातलं कुणीही प्रौढ माणूस चालतं. आईची पंचाईत झाली.

समन्सचा मान राखला नाही की बाब स्वतः निघतात. पहिल्या फेरीला बहुधा जामीनपात्र. तेव्हा रक्कम किती, जामीनदार किती, कोर्टात कधी हजर व्हायचं, हे कागदावरच लिहिलेलं असतं. तेवढी पूर्तता केली की हवालदार ठाण्यातूनच सोडून देतो. दुसऱ्या फेरीला डोकं तापलेलं असतं, म्हणजे अजामीनपात्र. हा क्रम पाळा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये उत्तरांचलच्या एका प्रकरणात बजावलं आहे: आधी समन्स, मग जामीनपात्र, आणि माणूस मुद्दाम तोंड चुकवतो आहे असं दिसलं तरच अजामीनपात्र.

'अजामीनपात्र' म्हणताच घरात रडारड सुरू होते. तिचं कारण नाही. त्याचा अर्थ एवढाच की पोलीस जामीन देऊ शकत नाही, कोर्टापुढे न्यावं लागतं, तेही प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत. कोर्ट जामीन देऊ शकतं. ज्या गुन्ह्यापायी हे सगळं झालं तो पुष्कळदा मुळात जामीनपात्रच असतो. वटला नाही तो चेक घ्या. गुन्हा जामीनपात्र, पण तारखांना गैरहजर राहिलात म्हणून वॉरंट अजामीनपात्र. बाबांना गुन्ह्यापेक्षा गैरहजेरीचा राग जास्त. खून आणि चेक यांतला फरक त्यांना कळत नाही असं नाही, पण तारखेला नाव पुकारल्यावर कुणी 'हजर' म्हटलं नाही की तो त्यांना स्वतःचा अपमान वाटतो.

एरवी मात्र स्वभाव घुमा. आपण सुटलो आहोत हे ते कुणाला कळू देत नाहीत, ज्याच्या नावाने निघाले त्याला तर नाहीच. समन्सची प्रत माणसाला मिळते. वॉरंटाची प्रत टपालाने पाठवत नाहीत. पाठवली तर तो पळेल, असा साधा हिशेब. पण पळायचा विचारही ज्याच्या मनात नव्हता, जो तारीख विसरला, जो आजारी होता, ज्याचा पत्ता बदलला, तोही त्यात सापडतो. मग चहाच्या गाड्यावर कुणीतरी कानाला लागून सांगतो, "तुझ्यार वॉरंट आसा म्हण आयकलां." सांगणाऱ्याला केस नंबर ठाऊक नसतो, कोर्ट ठाऊक नसतं, जामीनपात्र की अजामीनपात्र तेही ठाऊक नसतं. ऐकणाऱ्याची झोप मात्र त्या रात्रीपासून गेली. वाटेवर मोटारसायकल थांबली तरी तो मागच्या दाराकडे बघतो.

विचारायचं कुठे? पहिलं सुचतं पोलीस ठाणं. तिथे जाऊन "माझ्या नावाचं वॉरंट आहे का हो" म्हणण्यात एक बारीक अडचण आहे. नसेल तर 'नाही' ऐकून तुम्ही घरी याल. असेल, आणि अजामीनपात्र असेल, तर उत्तर म्हणून तुम्हालाच ठेवून घेतील. हवालदाराचं तुमच्याशी वैर नाही. हुकूम त्याच्या नावाने आहे आणि त्यात कसूर करायची नाही. बायकोला बाहेर स्कूटरपाशी उभी करून 'दोन मिनिटांत येतो' म्हणत आत गेलेल्या माणसाची स्कूटर मग तिलाच न्यावी लागते.

अमेरिकेत कित्येक काउंट्यांचे शेरीफ वॉरंटांची यादी संकेतस्थळावर लावतात. नाव टाकलं की कळतं. तिथले बाब जाहिरातीचे हौशी. आपल्याकडे अशी एक यादी नागरिकाला उघडून बघता येत नाही. आहे ते ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ आणि त्याचं मोबाइल अ‍ॅप. राज्य गोवा, जिल्हा उत्तर गोवा, मग पेडणे किंवा डिचोली न्यायालय, पक्षकाराचं नाव, वर्ष, आणि ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची. प्रकरण सापडलं की त्याच्या पोटात तारखांची यादी असते आणि प्रत्येक तारखेसमोर ती कशासाठी ठेवली ते लिहिलेलं असतं. बाब स्वतः इथे दिसत नाहीत, त्यांची पावलं दिसतात. गेल्या चार तारखा 'समन्स', मग 'जामीनपात्र वॉरंट', मग त्याच्या पुढची पायरी, अशी चढण दिसली की समजायचं. प्रत्येक प्रकरणाला अंक-अक्षरं मिळून सोळांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा हाती लागला की वहीत लिहून ठेवा. पुढचं सगळं सोपं.

पण तो लागेपर्यंत बाब खूप खेळवतात. शुद्धलेखन हा त्यांचा मोठा दुर्गुण. गावकर इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो. पोर्तुगीज वळणाच्या जुन्या दाखल्यावर नाईकाच्या शेवटी 'के'च्या जागी क्यू-यू-ई लागलेलं असतं. परब कधी प्रभू होतो, कधी पोरोब. आरोपपत्रात हवालदाराने जसं ऐकलं तसं लिहिलं, कोर्टाच्या संगणकात कारकुनाने जसं वाचलं तसं टंकलं, आणि तुम्ही आधार कार्डावर आहे तसं शोधता. 'नोंद सापडली नाही' असं उत्तर आलं म्हणून पेढे वाटू नका. उलटंही होतं. पेडण्याच्या एकाच वाड्यावर एकाच नावाचे, बापाचंही नाव तेच असलेले दोघे निघतात आणि नेमका ज्याच्यावर काही नाही तोच घाबरून अर्धा होतो. बापाचं नाव, वय, पत्ता सगळं जुळवल्याशिवाय कुणाच्या डोक्यावर वॉरंट ठेवू नये, हे गावातल्या बातमीदारांनी लक्षात घ्यायला हवं. घेणार नाहीत.

वर्षाचीही एक खोडी आहे. शोधताना वर्ष द्यावं लागतं. अपघात कुठल्या वर्षी झाला ते आठवतं, पण खटला दाखल झाला तो त्यानंतर, कधी एक वर्षाने तर कधी दोन. तेव्हा पुढची वर्षंही एकेक करून बघावी लागतात. आणि पेडण्या-डिचोलीची माणसं एकाच राज्यात कुठे राहतात? सोयरीक सावंतवाडीला, इस्पितळ बांबोळीला, ट्रकचं भाडं कोल्हापूरला. मुंबई-गोवा हमरस्त्यावर बांद्याच्या पुढे झालेल्या अपघाताचा खटला सिंधुदुर्ग जिल्ह्यात चालतो. गोव्याची पानं कोरी निघाली तरी सावंतवाडी, कुडाळ, ओरोस ही पानं बाकी असतात. तपास चालू असतानाच, खटला उभा राहण्याआधी, काढलेलं वॉरंट असेल तर या पानांवर काहीच सापडेल असं नाही.

म्हणून जाणती माणसं संकेतस्थळावर नंबर काढतात आणि वकिलाला कोर्टात पाठवतात. वकील फाइल बघण्याचा अर्ज करतो, रोजनामा वाचतो. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची ओळ-दोन ओळींची नोंद. बाबांची जन्मतारीख तिथे असते. आरोपी गैरहजर, अर्ज नाही, वॉरंट काढा. एवढंच. सहा-सात शब्दांत जन्म.

कुणाच्या पोटी जन्म घेतील याचा मात्र नेम नाही. डिचोली तालुक्यात २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. सांखळी, मये, पिळगावच्या बाजूचे ट्रक जागच्या जागी थांबले, हप्ते थांबले नाहीत. हप्त्यांपोटी सह्या करून दिलेले चेक कुणाकुणाच्या अंगावर आले. माणूस चोर नव्हता, दिवाळखोरही म्हणवून घ्यायला तयार नव्हता. कोर्टाचं तोंड बघण्याची लाज वाटली म्हणून तारखा चुकवत गेला, आणि लाजेपायी जे टाळलं तेच पोलीस घेऊन दारात आले.

त्याहून दया येते ती पंचाची. तोरशाला किंवा मोपाला रस्त्यावर गाडी अडवतात, बाटल्या मोजायच्या असतात, शेजारच्या दुकानदाराला बोलावतात. "दोन मिनिटांचं काम, सही कर." तो करतो. त्यानंतर त्याचं दुकान बदलतं, मुलीचं लग्न होतं, गुडघे दुखायला लागतात, आणि एक दिवस साक्षीचं समन्स येतं. आता कोर्टात कोण जाईल म्हणून तो जात नाही. मग बाब येतात. हो, साक्षीदारावरही वॉरंट निघतं. ज्याने काही केलं नाही, फक्त काही झालं ते बघितलं, त्यालाही ठाण्यात जाऊन जातमुचलका लिहून द्यावा लागतो. या बाबतीत माझं बाबांशी पटत नाही. पुढच्या वेळी पंच व्हायला कुणी मिळत नाही ते उगाच नव्हे.

पत्त्याचीही त्यांना फिकीर नसते. कागदावर असेल तिथे जातात. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर स्कूटरची धडक होते, धडक देणारा दिल्लीचा, धडक खाणारा लांबच्या देशाचा, दोघांचा पत्ता अमुक शॅक नाहीतर तमुक गेस्टहाउस. वॉरंट निघेपर्यंत पावसाळा येतो. पावसाळ्याआधी शॅक मोडून ठेवतात. तेव्हा हवालदार भर जूनमध्ये समुद्रापुढे उभा, हातात कागद, समोर नुसती वाळू आणि काढून ठेवलेल्या बांबूंचा ढीग. 'दिल्या पत्त्यावर मिळून आला नाही' असा शेरा मारून तो परततो, आणि बाब त्याच्याबरोबर फायलीत परत.

त्यांना वय लागत नाही. कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत वॉरंट जिवंत राहतं, असं कलमातच लिहिलं आहे. मुदत संपून आपोआप मरण्याची सोय नाही. जुलै २०१० मध्ये बाभळी बंधाऱ्याच्या विरोधात चंद्राबाबू नायडू नांदेड जिल्ह्यात आंदोलन करून गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये, ते आंध्राचे मुख्यमंत्री असताना, धर्माबादच्या कोर्टाने त्यांच्यावर आणि साथीदारांवर वॉरंट काढलं. आठ वर्षं काही वाटली नाहीत, मुख्यमंत्रिपदही काही वाटलं नाही. आरोपी सापडतच नसेल तर त्याची फाइल 'डॉर्मंट' म्हणून बाजूला ठेवतात. फाइल झोपते. बाब तिच्यात डोळे उघडे ठेवून पडलेले असतात. माणूस वारला तरी लगेच उठत नाहीत. 'इसम मयत' असा पोलिसाचा अहवाल आणि मृत्यूचा दाखला कोर्टात पोचला, की मगच.

आळशी म्हणून त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी त्यांना निवडणुकीत बघावं. आचारसंहिता लागली की पडून असलेली अजामीनपात्र वॉरंटं बजावा असा निवडणूक आयोगाचा तगादा सुरू होतो आणि रोजच्या रोज आकडे वर जातात. एरवी वर्षभर "तो घराक ना, मुंबय गेलो" या एका वाक्यावर माघारी फिरणारी जीप त्या महिन्यात मागच्या दाराशीही थांबते. दुसरा हंगाम चवथीचा. गोव्याचा माणूस आखातात असो, जहाजावर असो, पुण्यात असो, चवथीला घरी येतो. गणपतीवरची माटोळी बांधायला वर चढलेला माणूस कुठे जाणार? हे हवालदारालाही ठाऊक असतं, फक्त त्याच्याही घरी चवथ असते, आणि त्या दिवशी त्यालाही माटोळी बांधायची असते. म्हणून पुष्कळ जण वाचतात ते देवामुळे की हवालदाराच्या बायकोमुळे, हे सांगता येत नाही.

हद्दीची गोष्ट निराळी. एके काळी या भागात हद्द ओलांडली की माणूस सुटला. १८४४-४५ मध्ये सावंतवाडी संस्थानात बंड झालं; ते मोडल्यावर फोंड सावंत आणि त्यांची माणसं गोव्यात उतरली आणि इंग्रजांनी मागूनही पोर्तुगिजांनी त्यांना हवाली केलं नाही. पुढे वारं फिरलं. पोर्तुगीज पोलीस ज्याच्या पाठी लागत तो गोव्याचा कार्यकर्ता रातोरात बांदा-सावंतवाडी गाठायचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ती वाट बुजली. वॉरंट भारतात कुठेही बजावता येतं. पत्रादेवीचं नाकं ओलांडून बांद्यात भाच्याकडे जाऊन राहिलेल्या माणसाला मात्र अजून वाटतं की आपण परमुलुखात आहोत.

त्याच्यासाठी कायद्यात एक मजेशीर आकडा आहे: ३० किलोमीटर. दुसऱ्या जिल्ह्यात पकडलेल्या माणसाला आधी तिथल्या मॅजिस्ट्रेटपुढे किंवा वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे नेऊन ओळख पटवावी लागते. पण वॉरंट काढणारं कोर्ट पकडल्या जागेपासून ३० किलोमीटरच्या आत असेल तर त्याची गरज नाही. बांद्याहून पेडणे आणि दोडामार्गाहून डिचोली, दोन्ही त्याच्या आत. म्हणजे राज्य बदललं, कदंबऐवजी एसटी आली, पेट्रोलचा दर बदलला, तरी बाबांच्या लेखी तुम्ही घरच्या अंगणातच. खरं लपायचं तर आणखी लांब जायला हवं, आणि तितकं लांब जाण्याइतके पैसे असते तर चेक परत गेला नसता.

विमानतळाबद्दलही गैरसमज आहे. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमानं उडू लागली तेव्हापासून पेडण्यात चर्चा, की वॉरंट असलं की मशीन ओरडतं. मशीन ओरडत नाही. त्यासाठी पोलिसांनी वा तपास यंत्रणेने वेगळी लुकआउट नोटीस काढलेली असावी लागते, आणि ती प्रत्येक वॉरंटामागे काढत नाहीत. पासपोर्टाच्या खिडकीवर मात्र बाब आधीच येऊन बसलेले असू शकतात. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे हजेरीचं समन्स किंवा अटकेचं वॉरंट निघालेलं असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, असलेला जप्तही करता येतो. जहाजावर निघालेल्या कित्येक पोरांना बापाच्या जमिनीच्या भांडणात आपलंही नाव गोवलेलं होतं हे पोलीस पडताळणीच्या वेळी कळतं.

हल्ली बाबांचा एक तोतया निघाला आहे. तो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, व्हिडिओ कॉल करतो, मागे झेंडा आणि अंगावर वर्दी दाखवतो, शिक्क्याचं वॉरंट पाठवतो आणि 'डिजिटल अरेस्ट' झाली म्हणून खोलीत बसवून ठेवतो. पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये त्याच्याविषयी बोलावं लागलं. त्याला ओळखायची खूण सोपी. खरे बाब कधी फोन करत नाहीत आणि 'अमुक खात्यात पैसे भरा, मग जातो' असं म्हणत नाहीत. कायद्यात डिजिटल अटक असा प्रकारच नाही. तोतया भेटला तर फोन कापायचा आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या नंबरावर कळवायचं. गंमत अशी, की ज्याच्यावर खरं वॉरंट आहे तो निवांत, आणि ज्याच्यावर काही नाही तो निवृत्त शिक्षक तोतयाला घाबरून ठेव मोडतो.

खऱ्या बाबांतही एक खोट आहे: ते गेल्यावरही कधी कधी राहतात. मुंबईतल्या एका वकिलावरचं वॉरंट कोर्टाने रद्द केलं होतं, तरी १५ ऑगस्ट २००२ रोजी, भर स्वातंत्र्यदिनी, त्याच वॉरंटावर त्यांना अटक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०११ मध्ये न्यायालयाने बाबांना चांगलीच शिस्त लावली. अजामीनपात्र वॉरंट छापील, अनुक्रमांक असलेल्या नमुन्यावरच काढा, त्याची नोंदवही ठेवा, कधीपर्यंत परत यायला हवं ते लिहा, आणि रद्द झालं की तो हुकूम पोलिसांना पाठवा, एक प्रत आरोपीलाही द्या. त्या शेवटच्या कलमाकडे लक्ष असू द्या. कोर्टातून 'झालं, जा' ऐकल्यावर तसेच घरी येणारे पुष्कळ. रद्द झाल्याच्या हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल हातात पडल्याशिवाय हलू नये, आणि पुढे महिनाभर ती गाडीच्या डिकीत असावी.

आणि रद्द करून घेणं किती सोपं असतं, हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. वकिलासह आपल्या पायांनी कोर्टात जायचं, अर्ज द्यायचा, का आलो नाही ते खरं सांगायचं, दवाखान्याचा कागद असेल तर जोडायचा. कधी न्यायाधीश खर्चाची रक्कम भरायला लावतात, कधी नवा जामीन मागतात, कधी चार शब्द ऐकवतात. दरोडा-खुनातल्या फरार माणसाची गोष्ट वेगळी; त्याला बाब सहजी सोडत नाहीत, आणि सोडूही नये. पण चुकलेल्या तारखेवर निघालेले बाब, माणूस समोर येऊन उभा राहिला की बहुधा तिथेच विरघळतात. दाराशी आलेले बाब आणि त्यांच्या दाराशी आपण गेल्यावर भेटणारे बाब, हे दोन वेगळे गृहस्थ आहेत. कोलवाळच्या तुरुंगात आठवडा काढून आलेल्यांपैकी कित्येकांना दुसऱ्याची ओळख कुणी करूनच दिलेली नसते.

म्हणून शंका असेल तर नाव शोधा, आजच शोधा, आणि सापडलं तर ठाण्याऐवजी वकिलाकडे जा. वकील परवडत नाही म्हणू नका. पेडणे आणि डिचोली, दोन्हीकडे न्यायालयाशी जोडलेली तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि कोठडीतल्या माणसाला ती उत्पन्न न विचारता मोफत वकील देते. इतर पुष्कळांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोनवर विचारायचं असेल तर नंबर १५१००.